सागाचा खांब कुजला, पण त्याचा कोणता भाग?

सागाचे खांबही काही वर्षांतच कुजतात, म्हणून प्रक्रिया न केलेले लाकूड कुंपणाला निरुपयोगी ठरते, असे मत मांडले जाते. त्यात झाडाच्या जातीइतकाच महत्त्वाचा एक प्रश्न राहून गेला आहे: त्या खांबांत गाभ्याचे लाकूड किती होते? बुरशीला रोखणारी द्रव्ये गाभ्यात साठलेली असतात. सालीलगतचे फिकट लाकूड मात्र कोणत्याही जातीचे असले तरी ओल्या मातीत फार टिकत नाही, आणि कोवळ्या सागाच्या बारीक खांबात त्याचेच प्रमाण मोठे असते. ब्लॅक लोकस्ट या उत्तर अमेरिकेतल्या झाडाचे खांब नावाजले गेले यामागे हेही एक कारण आहे, कारण त्याचा फिकट थर मोजक्याच वार्षिक वलयांचा असल्याने बारीक खोडातही गाभा भरपूर मिळतो. ओसेज ऑरेंज हा तिथलाच दुसरा वृक्षही तितकाच टिकाऊ आहे. फक्त वाळल्यावर त्यात खिळा ठोकणे ही शिक्षाच असते, त्यामुळे तार गुंडाळून बांधलेली बरी.

कूज बहुधा जमिनीच्या पातळीजवळ सुरू होते, कारण ओलावा आणि हवा तिथे एकत्र मिळतात. म्हणून साल काढून खांब पुरावा, माती थराथराने ठोकावी आणि पाणी बाहेर वाहील असा उतार द्यावा. तळ बंद करणारे काँक्रीट मी टाळेन, कारण त्यात पाणी साचून राहते.