शिबिराच्या अर्जात 'अपंग' की 'दिव्यांग'? आणि 'अशक्तपणा' कसा विचारायचा?

मुलुंड_पूर्व
आमच्या संघातर्फे ज्येष्ठांसाठी तपासणी शिबिर आहे. अर्जाचा जुना नमुना मिळालाय, त्यात दोन प्रश्न आहेत: 'आपण अपंग आहात का?' आणि 'अशक्तपणा जाणवतो का?' पहिल्याला कुणी हो म्हणत नाही, दुसऱ्याला सगळेच हो म्हणतात, आणि डॉक्टरांच्या हाती काहीच लागत नाही. नव्या अर्जात शब्द कुठले घ्यावेत?

दाखला_मदत
सरकारी कागदावर 'दिव्यांग'च लिहा. २०१६ च्या कायद्याचं मराठी नाव दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम असं आहे, आणि राज्यात २०२२ पासून वेगळा दिव्यांग कल्याण विभागही आहे. पण तो शब्द फक्त दाखल्याच्या रकान्यात ठेवा: 'दिव्यांगत्वाचा दाखला किंवा यूडीआयडी कार्ड आहे का? असल्यास प्रकार आणि टक्के.' यूडीआयडी म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र. बहुतेक सवलतींना किमान ४० टक्के लागतात. गुडघ्यांमुळे जिना न चढणाऱ्या आजी त्यात बसतीलच असं नाही, आणि त्या स्वतःला दिव्यांग म्हणवूनही घेणार नाहीत. त्यांना जिन्याबद्दलच विचारा.

१९९५ च्या कायद्यात ७ प्रकार होते, आता २१ आहेत. त्यात पार्किन्सनही आहे, हे ज्येष्ठांच्या घरी बऱ्याचदा ठाऊक नसतं. तेवढं जरूर सांगा.

'अपंग' ही शिवी नाही. लोकलच्या डब्याला आजही लोक अपंगांचा डबा म्हणतात, त्यात कुणाला कमी लेखायचा हेतू नसतो. लंगडा, थोटा, पांगळा, मंद हे शब्द मात्र स्वयंसेवकांच्या तोंडी, आपसात बोलतानाही, येता कामा नयेत. रांगेत उभ्या माणसाला ते ऐकू जातात.

फिजिओ_परळ
खरा घोळ 'अशक्तपणा'त आहे. या एका शब्दात निदान चार तक्रारी येतात आणि प्रत्येकीची वाट वेगळी.

'गळून गेल्यासारखं वाटतं' म्हणजे थकवा. ताकद असते, टिकत नाही. इथे हिमोग्लोबिन, साखर, थायरॉईड बघायचं.

'पायात त्राण नाही, बसलं की उठवत नाही' ही स्नायूंची ताकद. हाताची नसलेली, साधारण ४५ सेंटीमीटर उंचीची खुर्ची भिंतीला टेकवून ठेवा. हात छातीवर घडी करून ५ वेळा उठा-बसायला सांगा, शेजारी एक माणूस उभा ठेवा. १५ सेकंदांपेक्षा जास्त लागले किंवा हात टेकावेच लागले तर आमच्याकडे पाठवा. खुर्ची भिंतीला नसली तर मागे सरकते आणि माणूस पडतो, त्यात हयगय नको.

'उठलं की डोळ्यांपुढे अंधारी येते', घेरी, भोवळ: इथे स्नायूंची चाचणी करू नका. ५ मिनिटं आडवं झोपवून रक्तदाब घ्या, मग उभं करून १ आणि ३ मिनिटांनी. वरचा आकडा २० किंवा जास्त उतरला तर डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा चालू गोळ्यांचं प्रमाण बदलावं लागतं.

'पाय जड झालेत, बधिर वाटतात, मुंग्या येतात' हे मज्जातंतूंचं, मधुमेह्यांत फार दिसतं. तळपाय उघडून बघा. जखम असते आणि पत्ता नसतो.

एक गोष्ट अर्जात मावणारच नाही. अचानक एका बाजूचा हात लुळा पडला, तोंड वाकडं झालं, जीभ जड झाली, की घरचे म्हणतात 'अंगावरून वारं गेलं' आणि मालीशवाला शोधतात. तो लकवा आहे. मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, आणि त्याआधी सीटी स्कॅन व्हावा लागतो. शिबिरात असं कुणी आलं तर अर्ज बाजूला ठेवून थेट मोठ्या रुग्णालयात न्या, आणि शेवटचं ठीक कधी होतं ती वेळ लिहून सोबत द्या.

कान_डोळे
'मूकबधिर' छापू नका. म्हातारपणी ऐकू कमी येणाऱ्याची वाचा शाबूत असते. 'बहिरे आहात का'लाही उत्तर 'नाही' असंच येतं. 'फोनवरचं बोलणं नीट कळतं का?' असं विचारा. शंका आली तर कानाच्या तपासणीला वांद्र्याची अली यावर जंग संस्था आहे. स्वयंसेवकांनी ओरडू नये, उजेडाकडे तोंड करून सावकाश बोलावं.

डोळ्यांसाठी: 'चष्मा लावून बेस्टच्या बसचा नंबर वाचता येतो का?' लगेच खरं उत्तर मिळतं.

मुलुंड_पूर्व
म्हणजे 'अशक्तपणा' हा शब्दच काढून टाकू?

फिजिओ_परळ
काढू नका. माणूस तोच शब्द घेऊन येतो. पुढे मोकळी ओळ सोडा: 'नेमकं काय करताना त्रास होतो?' आणि उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवा. स्वयंसेवकाने तिथे 'वीकनेस' लिहिलं की टॉनिकची चिठ्ठी मिळते. शेजारी तीन छोटे चौकोन ठेवा: कधीपासून, अचानक की हळूहळू, एका बाजूला की दोन्ही.