लेसरने प्रोस्टेटचं ऑपरेशन, बाराव्या दिवशी पुन्हा लाल लघवी. कितपत घाबरायचं?

राधानगरी_रोड

वडील, वय 68. प्रोस्टेट 92 ग्रॅम होती, कोल्हापुरात होल्मियम लेसरचं होलेप ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी लघवीची नळी काढली, घरी येताना लघवी जवळजवळ पांढरी होती. आज बारावा दिवस. काल संडासला कुंथावं लागलं आणि आज सकाळपासून लघवी लालसर, दोनदा मसुराएवढे तुकडे पडले. धार मात्र जोरात आहे. तासात दोनदा पळावं लागतं, उठताना-खोकताना थेंब गळतात. गावच्या लॅबमध्ये लघवीत पस सेल्स (पू-पेशी) 25-30 आल्या, मेडिकलवाला अँटिबायोटिक घ्या म्हणतोय. इकोस्प्रिन 75 (हृदयासाठीची रक्त पातळ ठेवणारी गोळी) ऑपरेशनआधी बंद केली होती, कधी चालू करायची ते डिस्चार्ज कार्डावर लिहिलेलं नाही. त्यात ऊसतोड आलीय, मोटरसायकलवरून शेताकडे एक चक्कर मारतो म्हणून हट्ट चाललाय. गाव राधानगरीच्या पुढं, कोल्हापूर दीड तासावर. यातलं कशाला घाबरायचं आणि कशाला नाही?

शाहूपुरी_कोपरा

दादा, आधी आत काय झालंय ते बघा, मग निम्मे प्रश्न सुटतील. करवंटीतून खोबऱ्याची वाटी सोडवावी तसा होलेपमध्ये ग्रंथीचा वाढलेला आतला भाग कवचापासून सुटा करतात, मूत्राशयात ढकलतात आणि तिथं मॉर्सेलेटरनं बारीक करून ओढून घेतात. मागं उरते ती उघडी पोकळी. बाहेर एकही टाका नाही, म्हणून घरच्यांना वाटतं माणूस बरा झाला. आत मात्र त्या पोकळीवर खपली धरलेली असते आणि ती साधारण दहाव्या ते चौदाव्या दिवसाच्या सुमारास सुटते. तुमचा बारावा दिवस, वर कालचं कुंथणं. हिशोब जुळतो. पोकळीला नवं अस्तर यायला सहा ते आठ आठवडे धरा, काहींना त्याहून जास्त.

रंग संडासच्या भांड्यात बघू नका. तिथल्या पाण्यात दोन थेंब रक्तसुद्धा भयंकर दिसतं. काचेच्या ग्लासात लघवी धरून उजेडात बघा. पातळ कोकम सरबतासारखी, आरपार दिसणारी असेल तर घरी थांबून पाणी वाढवायचं, दोन दिवस चालणं-फिरणं कमी करायचं. ग्लासापलीकडची बोटं दिसेनाशी झाली, टोमॅटोच्या सॉससारखी दाट झाली किंवा गाठी मोठ्या पडायला लागल्या, तर लगेच सर्जनना फोन. जेवणात बीट होतं का तेही आठवा. जळजळीसाठी फेनाझोपिरिडीनची गोळी दिली असेल तर लघवी नारंगी-तांबडी होतेच, ते रक्त नव्हे.

पाणी दिवसाला दोन ते अडीच लिटर, बहुतेक संध्याकाळी सातच्या आत. हृदय किंवा किडनीच्या रुग्णानं हा आकडा आपल्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावा. वडिलांना इकोस्प्रिन चालू होती म्हणजे हे विचारलंच पाहिजे.

पस सेल्सचं म्हणाल तर ती पोकळी भरेपर्यंत, दोन-तीन महिने, लघवीत पस सेल्स आणि रक्तपेशी दिसणारच. तो जखमेचा रिपोर्ट आहे, इन्फेक्शनचा नाही. ताप, हुडहुडी, दुर्गंधी किंवा कमी होत आलेली जळजळ एकदम वाढणं, यांपैकी काही असेल तर लघवीचं कल्चर (जंतू वाढवून बघायची तपासणी) करायचं, नमुना दिल्यावरच अँटिबायोटिक चालू करायचं. आकडा बघून काउंटरवरून गोळ्या घेतल्या तर खरं इन्फेक्शन होईल तेव्हा त्याच गोळ्या लागू पडत नाहीत. ताप 101 च्या वर गेला तर मात्र सकाळची वाट बघू नका.

कॅज्युअल्टी_ड्यूटी

वरच्या उत्तरात एक भर, आणि ती महत्त्वाची आहे. ‘पाणी वाढवा’ हा सल्ला धार चालू आहे तोवरच. गाठ अडकून लघवी बंद झाली, ओटीपोट टणक झालं, जोर करून नुसते थेंब येतायत, अशा वेळी एक घोटही जास्त पाजू नका. वाट बंद असताना वरून ओतलं की मूत्राशय ताणतं, ताणलं की आतल्या शिरा पुन्हा वाहतात, त्यातून आणखी गाठी. लोक नेमकं हेच करतात आणि दोन तास घालवून येतात.

तुमच्यासारखं गाव लांब असेल तर लघवी पूर्ण बंद झाल्यावर निघायचं नाही. धार बारीक होत चालली आणि गाठी वाढल्या की त्याच वेळी गाडी काढायची. जिथं ऑपरेशन झालं तिथं जावं. ते जमत नसेल तर सीपीआरचा, म्हणजे कोल्हापुरातल्या सरकारी दवाखान्याचा अपघात विभाग रात्रीही उघडा असतो. दारातच सांगायचं, ‘प्रोस्टेटचं लेसर ऑपरेशन होऊन बारा दिवस झालेत, गाठींनी लघवी अडलीय.’ नेहमीची 14 किंवा 16 नंबरची नळी अशा गाठींनी लगेच तुंबते. इथं 20-22 नंबरची तीन तोंडांची नळी लागते, 50 मिलीच्या सिरिंजनं सलाइन मारून आधी गाठी ओढून काढतात आणि मग धुण्याची बाटली लावतात. गाठी न काढता नुसती बाटली सोडली तर पाणी आत जातं, बाहेर येत नाही. ताज्या पोकळीत नळी वाकडी घुसू शकते, म्हणून गावात कंपाउंडरकडून घालून घेऊ नका. डिस्चार्ज कार्ड गाडीच्या डिकीतच ठेवा.

इकोस्प्रिन मनानं चालू करू नका आणि मनानं लांबवूही नका. हृदयात स्टेंट असेल तर लांबवणं हे लाल लघवीपेक्षा धोक्याचं. सर्जन आणि हृदयाचे डॉक्टर दोघांना आजच फोन करा, आजच्या लालीची गोष्टही सांगा. दुखण्याला पॅरासिटामॉल. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन विचारल्याशिवाय नको.

कट्टा_गंगावेस

ऊसतोडीवर. मोटरसायकल चार आठवडे नाही. सीटचा दाब थेट त्या जागेखाली येतो, त्यात आपले स्पीडब्रेकर आणि उसाच्या ट्रॉल्यांनी उखडलेले रस्ते. सायकल आणि ट्रॅक्टरची सीट त्याहून वाईट, सहा आठवडे तरी लांब ठेवा. चारचाकीत शेजारी बसून बांधापर्यंत जाऊ दे की, बघणं बंद नाही. पाच किलोच्या वर उचलणं सहा आठवडे बंद. भरलेली बादली पंधरा किलोची असते आणि घरगुती सिलिंडर भरलेला जवळपास तीस किलो, हे म्हाताऱ्यांच्या ध्यानात येत नाही. मोळी डोक्यावर घ्यायचा तर विषयच सोडा.

कुंथणं हे या सगळ्याचं मूळ. भारतीय पद्धतीच्या संडासाला उकिडवं बसायला हरकत नाही, जोर नको. इसबगोल दोन चमचे कोमट पाण्यात घालून लगेच प्यायचं, वर आणखी एक ग्लास पाणी. पाणी कमी पडलं तर तेच इसबगोल आत घट्ट होऊन उलटं काम करतं.

पेल्विक_फिजिओ

गळतीबद्दल. ग्रंथी मोठी असताना दार तिनंच अडवून धरलेलं असतं, त्यामुळे खालचा झडपेचा स्नायू वर्षानुवर्षं आळशी होतो. ग्रंथी गेली की सगळा भार एकदम त्याच्यावर. बहुतेकांची गळती सहा आठवडे ते तीन महिन्यांत थांबते.

व्यायाम याच स्नायूचा करायचा. चारचौघांत वात अडवताना जो स्नायू वर ओढला जातो, तोच. पाच सेकंद आवळायचा, दहा सेकंद सोडायचा, असे दहा वेळा, दिवसातून तीनदा. आधी आडवं पडून, मग बसून, मग उभं राहून. पोट आत घेणं, ढुंगण आवळणं, श्वास धरणं या तीन चुका बहुतेक सगळे करतात. श्वास धरला की पोटातला दाब खाली येतो आणि व्यायामाचाच उलटा परिणाम होतो. लघवी मध्येच थांबवून सराव करू नका, मूत्राशय अर्धवट रिकामं राहायची सवय लागते. खोकण्याआधी आणि खाटेवरून उठण्याआधी एकदा आवळून घ्यायचं. नळी आत असताना मात्र हा व्यायाम करायचा नाही.

वारंवार पळणं ही वेगळी भानगड. अडथळ्याशी झुंजून मूत्राशयाची भिंत जाड आणि चिडकी झालेली असते, अडथळा गेला तरी तिला ते लगेच कळत नाही. घाई आली की जागेवर थांबून चार-पाच वेळा झटपट आवळा, लाट ओसरली की शांतपणे जा. दोन लघव्यांमधलं अंतर दर आठवड्याला पंधरा मिनिटांनी वाढवा. घाईमुळेच कपडे ओले होत असतील तर मिराबेग्रॉनसारखी गोळी असते, पण ती सर्जननी शिल्लक लघवी सोनोग्राफीत बघून द्यायची.

राधानगरी_रोड

सगळ्यांचे आभार. दुपारपासून लघवी फिकट झाली. सर्जनना फोन झाला, इकोस्प्रिनचं उद्या सांगतो म्हणाले. दोनच गोष्टी. तांबडा रस्सा कधी? आणि पुढं कुठल्या तपासण्या?

शाहूपुरी_कोपरा

तांबडा महिनाभर नको. तिखटानं जखम उकलत नाही, पण मूत्राशय चिडतं आणि दुसऱ्या दिवशी संडासला त्रास होतो. पांढरा चालेल, मटणाचे तुकडे बेतानं. चहा दोन कप, बास.

काढलेल्या तुकड्यांचा बायोप्सी रिपोर्ट हातात घ्या, नुसतं ‘नॉर्मल आहे’ असं फोनवर ऐकून सोडू नका. कवच आणि बाहेरचा थर जागेवरच असतो, म्हणून पीएसए (प्रोस्टेटची रक्ततपासणी) पुढेही करावी लागते. आधीपेक्षा आकडा खूप खाली येतो. तीन महिन्यांनी येईल तो नवा पाया, पुढची तुलना त्याच्याशी करायची. आधीच्या आकड्याशी तुलना केली तर वाढसुद्धा ‘नॉर्मल’ वाटते. लघवीच्या वेगाची तपासणी तेव्हाच, आणि त्या वेळी किमान 150 मिली लघवी झाली नाही तर ती तपासणी खरी धरू नका. धार आता जोरात आहे, पण दोन-चार महिन्यांनी पुन्हा बारीक व्हायला लागली तर मूत्रमार्गात किंवा मूत्राशयाच्या तोंडाशी व्रण आवळला असण्याची शक्यता असते. प्रोस्टेट पुन्हा वाढली म्हणून टॅमसुलोसिनची (ऑपरेशनआधी प्रोस्टेटसाठी देतात त्या गोळीची) जुनी पट्टी शोधत बसू नका, दाखवून या.

आणखी एक, वडील तुम्हाला हे विचारणार नाहीत. संबंध चार ते सहा आठवड्यांनी. वीर्य बाहेर न येता मूत्राशयात जातं, पुढची लघवी गढूळ दिसते. ते अपाय करत नाही आणि बहुतेकांना कायम राहतं. ताठरता साधारण आधी होती तशीच राहते. आईंना वडिलांनीच सांगावं, नाहीतर सर्जनसमोर दोघांना एकत्र बसवा.