खिशात मावणारा कॅमेरा घ्यावा का एंट्री लेव्हल मिररलेस? वीरगळ, बारवा, जुन्या मंदिरांच्या फोटोसाठी

वीरगळवाली_परभणी

नमस्कार मंडळी. मी झेडपीच्या शाळेत इतिहास शिकवते. सुट्टीच्या दिवशी मी अन् माझा धाकटा भाऊ मोटरसायकलवर आसपासची गावं फिरतो, वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या आठवणीचा दगड), सतीशिळा, बारवा (पायऱ्यांच्या विहिरी), पडझड झालेली मंदिरं जे दिसंल त्याचे फोटो काढतो अन् वहीत नोंद करून ठेवतो. चारठाणा, वालूरची बारव, औंढा नागनाथ इकडचं बरंच झालंय, आता होट्टल आणि धर्मापुरी डोक्यात आहे. आतापर्यंत सगळं मोबाईलवरच काढलं पण आता त्याच्यावर भागंना. उजेड चांगला असला की ठीक येतं, पण गाभाऱ्यात किंवा सभामंडपाच्या छताचा फोटो घेतला की दगड मेण लावल्यासारखा गुळगुळीत दिसायलाय, छिन्नीचे घाव सगळे पुसले जातात, आणि शिखरावरची मूर्ती झूम करून घेतली तर नाकडोळे काहीच ओळखू येत नाहीत.

सत्तर हजारापर्यंत पैसे साठवलेत, त्यातच कार्ड, बॅग सगळं बसवायचं. एकीकडं बघायलेय ते खिशात मावणारे एक इंच सेन्सरवाले (सेन्सर म्हणजे उजेड टिपणारा आतला भाग) कॉम्पॅक्ट, म्हणजे सोनी आरएक्स १०० मार्क ३ नाहीतर कॅनन जी ७ एक्स मार्क २, हे सेकंडहँडच मिळतील. दुसरीकडं मिररलेस, म्हणजे लेन्स बदलता येणारा, कॅनन आर ५० किट लेन्ससहित (कॅमेऱ्यासोबतच येणारी लेन्स), किंवा त्याच तोडीचा निकॉन, सोनी. भाऊ म्हणतो मिररलेसच घे, पुढं लेन्स बदलता येतात. दुकानदार म्हणला मॅडम कॉम्पॅक्ट आता कोण घेतंय. मला दोघांचंही पटतंय आणि पटतही नाहीये. पुढच्या वर्षी शाळेत ए ३ साईजच्या प्रिंटचं प्रदर्शन भरवायचं आहे, पोरांनी आपल्याच गावातला वीरगळ भिंतीवर मोठा लावलेला बघावा हा सगळा आटापिटा त्याच्यासाठी. व्हिडिओचं काम नाही.

गोदाकाठ_नांदेड

ताई डोळे झाकून मिररलेस घ्या. सेन्सर मोठा, लेन्स बदलता येते, नवीन असल्यामुळं वॉरंटी मिळते. मी निकॉन झेड ५० वापरतो, आजवर काहीच तक्रार नाही. होट्टलला यायच्या आधी मेसेज करा, देगलूरकडून रस्ता सांगतो.

लेणीवेडा_संभाजीनगर

वरच्या भावांचं चुकीचं नाही पण अर्धंच आहे, आणि उरलेल्या अर्ध्यातच ताईंचे पैसे अडकणार म्हणून सविस्तर लिहितोय.

मोठा सेन्सर म्हणजे अंधारात चांगला फोटो हे सगळेच सांगतात, पण त्या सेन्सरपर्यंत उजेड किती पोचतो ते लेन्सवर आहे. आर ५० सोबत जी १८-४५ लेन्स येते ती सुरूच होते एफ ४.५ पासून आणि झूम केलं की ६.३ (एफचा आकडा जितका लहान तितका जास्त उजेड आत). आरएक्स १०० मार्क ३ ची लेन्स वाईडला एफ १.८ आणि पूर्ण झूमला २.८. आता हिशोब करा. एफ १.८ म्हणजे ४.५ च्या सव्वासहा पट उजेड. आर ५० चा सेन्सर एक इंचवाल्यापेक्षा साधारण पावणेतीन ते तीन पट मोठा. म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा बारीक लेन्सनं खाऊन टाकला आणि वर दुपटीनं तोटा उरला. गाभाऱ्यात कॉम्पॅक्ट जो फोटो आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो खरबरीत होतो) ८०० वर काढंल त्याच शटरला किट लेन्सला ५००० लागतं. छिन्नीचे घाव म्हणता ना, ते तिथंच जातात.

दुसरी गोष्ट बारवेची. १८-४५ ही कॅननच्या सेन्सरवर २९ मिलिमीटरसारखी दिसते (आकडा जितका लहान तितकं जास्त रुंद दिसतं), आरएक्स आणि जी ७ एक्स दोन्ही २४ पासून सुरू होतात. कागदावर पाचाचाच फरक आहे, पण वालूरच्या बारवेत काठावर उभं राहिलं आणि मागं सरकायला जागाच नसली की समोरच्या पायऱ्या फ्रेममध्ये येतात का कापल्या जातात हे त्या पाचावरच ठरतं. निकॉनची १६-५० आणि सोनीची १६-५० मात्र २४ पासूनच आहेत, तर मिररलेसच घेणार असाल तर हे बघून घ्या.

मग मिररलेस कधी घ्यावा? तर दुसऱ्या लेन्सचे पैसे आजच बाजूला काढता येत असतील तेव्हा. तिथं तो कॉम्पॅक्टला बराच मागं टाकतो. पण त्यातही एक अडचण आहे, ती दुकानात कोणी सांगत नाही. आर ५० च्या बॉडीत स्टॅबिलायझेशन (हाताचा हादरा सावरणारी सोय) नाही, ते लेन्समध्ये असावं लागतं. सिग्माची १८-५० एफ २.८ लोक फार सुचवतात, आता कॅननसाठी पण मिळते, लेन्स सुंदरच आहे, पण तिच्यात स्टॅबिलायझेशन नाही. कॅननच्या ५० मिलिमीटर एफ १.८ मध्ये पण नाही. आपलं काम न हलणाऱ्या दगडाचं, शटर १/१० पर्यंत खाली नेलं तरी मूर्ती हलत नाही, आपला हात हलतो. म्हणून आपल्यासारख्याला स्टॅबिलायझेशन असलेली लेन्सच पाहिजे, जशी कॅननची २४ मिलिमीटर एफ १.८ मॅक्रो. ती घेतली की तुमचं बजेट गेलं.

अजिंठ्यात फ्लॅश चालतच नाही, आणि पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातल्या जागी ट्रायपॉड परवानगीशिवाय लावता येत नाही. तिथं मी खांबाला खांदा टेकवतो, श्वास धरतो, दोन सेकंदाचा टायमर लावतो म्हणजे बटण दाबल्याचा हादरा पण लागत नाही. पद्मपाणीच्या चित्रासमोर गर्दीत जेवढा वेळ मिळतो तेवढ्यात हे सहज होतं. तुमच्या सभामंडपातही हेच करा.

ए ३ ची काळजी सोडा. ३०० डीपीआयनं (इंचाला ३०० ठिपके) ए ३ ला साडेसतरा मेगापिक्सेल लागतात, हे दोन्ही कॅमेरे वीस-चोवीसचे आहेत. फोटो हलला नाही आणि आयएसओ आटोक्यात राहिला की प्रिंट चांगलीच येणार.

बालाघाट_भटकंती

मी बीडकडचा, माझं काम पण ताईंसारखंच. मी कॉम्पॅक्टच्या बाजूनं आहे आणि त्याचं कारण सेन्सर लेन्स काहीच नाही.

गावात शिरल्यावर गळ्यात मोठा कॅमेरा दिसला की पाराजवळचे लोक पहिल्यांदा विचारतात मोजणीवाले का? बारवेत उतरलं की त्यांना वाटतं गुप्तधनवाले आलेत, आणि ते त्यांचं चुकतही नाही, खड्डे खांदून ठेवलेल्या बारवा आपणच बघतोय. छोटा कॅमेरा खिशातून काढला की म्हातारी माणसं जवळ येऊन उभी राहतात आन बोलायला लागतात, आन नोंदीतलं निम्मं तिथंच मिळतं. कोणत्या भाऊबंदकीचा वीरगळ, पोळ्याला नारळ कोण फोडतं, पूर्वी कुठं होता आन आता इथं कामून आणून ठेवला.

बाकी धूळ. चैत्र-वैशाखात आपल्याकडची धूळ पिठासारखी असते, कुठंबी घुसते. मिररलेसची लेन्स उघड्यावर बदलायची नाही, मंदिराच्या आत भिंतीला पाठ करून, कॅमेऱ्याचं तोंड खाली धरून बदलायची. पण कॉम्पॅक्टला पण धूळ लागतेच, लेन्स आतबाहेर होताना हवा ओढली जाते, आणि त्यात बारीक कण सेन्सरपर्यंत गेला तर घरी साफ करता येत नाही, सर्व्हिसला द्यावाच लागतो. झिपवाली प्लास्टिकची पिशवी ठेवा, वापर झाला की लगेच आत. मोटरसायकलवर कॅमेरा टाकीवरच्या बॅगेत नका ठेवू, पाठीवरच्या सॅकमध्ये कपड्यात गुंडाळून ठेवा, हादरा आपल्या अंगानं झेलावा.

वीरगळवाली_परभणी

सगळ्यांचे मनापासून आभार. लेणीवेडा दादा तुमचा हिशोब मी वहीत लिहून घेतला, भावालाही दाखवला, तो आता गप्प आहे. दोन शंका आहेत. एक, दुपारच्या उन्हात मोबाईलच्या स्क्रीनवर काही म्हणजे काहीच दिसत नाही, या कॅमेऱ्यांचं काय? दुसरं, आमचे बरेच वीरगळ उघड्यावर आहेत, काहींवर पुसट अक्षरं आहेत, डोळ्यानं वाचता येतात पण फोटोत सपाट दिसतात. कॅमेरा बदलला की हे सुटंल का?

नाथसागर_किनारी

उन्हाचं उत्तर देतो. स्क्रीनवर भरवसा ठेवू नका, डोळ्याला लावायचा व्ह्यूफाइंडर पाहिजेच. आरएक्स १०० मध्ये मार्क ३ पासून वर उचलून येणारा व्ह्यूफाइंडर आहे, पहिल्या दोन मॉडेलमध्ये नव्हता. जी ७ एक्स मध्ये नाही. आर ५० मध्ये आहे, निकॉन झेड ३० आणि सोनी झेडव्ही ई १० मध्ये नाही, ते व्हिडिओवाल्यांसाठी काढलेत. एप्रिलमध्ये उघड्या माळावर काम करणाऱ्यानं बिनव्ह्यूफाइंडरचा घेऊ नये असं मला ठाम वाटतं.

आणि शिखरावरच्या मूर्तीचं कोणी बोललंच नाही. मी जायकवाडीला पक्षी काढतो. फ्लेमिंगो काठापासून कुठल्या कुठं असतात, तिथं आरएक्सच्या पूर्ण झूमचं ७० मिलिमीटर म्हणजे नुसतं पाणी दिसतं. तुमचं शिखर तेवढं लांब नाही पण औंढ्याच्या बाहेरच्या भिंतीवर वरच्या थरातल्या मूर्ती काढायला लांबची लेन्स लागणारच. आर ५० ला ५५-२१० लावली की ते काम नीट होतं, बाहेर उजेड असतोच त्यामुळं बारीक अपर्चर (मोठा एफ आकडा) चालतं. म्हणून माझं मत अजून मिररलेसलाच.

लेणीवेडा_संभाजीनगर

@नाथसागर हा मुद्दा मान्य, लांबच्या कामात कॉम्पॅक्ट कमी पडतो. आरएक्स १०० च्या मार्क ६ आणि ७ ला २४ ते २०० आहे, पण ते महाग, आणि एफ २.८ पासून सुरू होतात म्हणजे गाभाऱ्यातला फायदा निम्म्यापेक्षा जास्त गेला. ताईंनी स्वतःच्या वहीतून बघावं की आतले आणि जवळचे फोटो किती आणि उंचावरचे किती. माझ्या अंदाजानं वीरगळ, सतीशिळा, बारव, गाभारा हेच जास्त निघणार.

शिलालेख_लातूर

मॅडम, अक्षरांचं कॅमेरा बदलून सुटणार नाही. ते उजेडाच्या दिशेवर आहे, आणि हे तुम्ही आज आहे त्या मोबाईलवर पण करून बघू शकता.

समोरून ऊन पडलं की खोदलेल्या अक्षरात सावलीच पडत नाही, म्हणून सपाट दिसतं. उजेड बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून आला पाहिजे. वीरगळाचं तोंड कुठं आहे ते नोंदीत लिहा, मग कळतं तिथं सकाळी जायचं का दिवस कलल्यावर. पूर्वेला तोंड असंल तर साधारण अकरा-साडेअकराला ऊन दगडावरून तिरपं घसरतं आणि अर्धा तास अक्षरं उठून दिसतात. नाही जमलं तर दिवस मावळल्यावर जा, भावाला टॉर्च घेऊन एका बाजूला बसवा, टॉर्च दगडापासून हातभर लांब आणि दगडाच्या पातळीलाच धरायची. एक फोटो डावीकडून उजेड, एक उजवीकडून, एक वरून, एक खालून. कॅमेरा तोपर्यंत अजिबात हलवायचा नाही, इथं छोटा ट्रायपॉड लागतोच, गावातल्या उघड्यावरच्या दगडाला सहसा कोणी अडवत नाही पण सरपंचाच्या नाहीतर पुजाऱ्याच्या कानावर घालून ठेवा. उभी रेघ एका उजेडात दिसते आणि आडवी दुसऱ्यात, चारही फोटो शेजारी ठेवले की शब्द लागायला लागतो. कॅमेरा दगडाच्या बरोब्बर समोर, तिरका नाही, आणि कडेला पट्टी ठेवा म्हणजे माप कळतं.

एक हात जोडून विनंती. अक्षरं उठावीत म्हणून खडू, चुना, हळद, तेल काहीही लावू नका आणि कुणाला लावू देऊ नका. ऑईलपेंट मारलेले वीरगळ गावोगाव आहेत, त्या रंगाखाली अक्षर होतं का नुसतं नक्षीकाम होतं हे आता सांगताच येत नाही.

कॅमेऱ्याबद्दल एवढंच की रॉ फाईल (कॅमेऱ्यानं प्रक्रिया न केलेला मूळ फोटो) काढणारा असावा, म्हणजे सावलीतलं नंतर वर आणता येतं. तुम्ही लिहिलेल्या सगळ्याच कॅमेऱ्यात ते आहे. पाच-दहा हजारातले जे नवीन डिजिटल कॅमेरे ऑनलाईन दिसतात त्यांच्या वाटंला जाऊ नका, सेन्सर मोबाईलएवढाच नाहीतर त्याहून बारीक असतो.

वीरगळवाली_परभणी

टॉर्चचं आजच करून बघते, शाळेच्या मागंच एक दगड आहे. माझ्या वहीत खरंच आतलं आणि जवळचंच जास्त आहे, उंचावरचे फोटो मोजकेच. आरएक्स मार्क ३ कडं मन झुकायलंय, उरलेल्या पैशात ट्रायपॉड आणि प्रदर्शनाच्या प्रिंट पण होतील. सेकंडहँड घेताना काय बघू?

लेणीवेडा_संभाजीनगर

समोरासमोर बघूनच घ्या, कुरिअरनं मागवू नका. चालू-बंद आठ-दहा वेळा करा, लेन्स बाहेर येताना अडखळली किंवा कर्रर आवाज आला तर नको. अपर्चर एफ ११ करून मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या आणि मोठा करून बघा, काळपट ठिपके दिसले तर आत धूळ आहे. व्ह्यूफाइंडर वर नीट येतो का, त्याचा मागचा भिंगाचा भाग बाहेर ओढला जातो का. विटांच्या भिंतीचा फोटो वाईडला आणि झूमला दोन्हीकडं घ्या, चारी कोपरे सारखेच स्पष्ट पाहिजेत, एक बाजू पुसट आली तर कॅमेरा पडलेला असतो. बॅटरी फुगलेली नसावी, आणि एक जास्तीची घ्याच, या छोट्या बॅटरीवर दिवस निघत नाही. मूळ बिल मागा, त्यावरचा सीरियल नंबर कॅमेऱ्याच्या बुडाशी आहे त्याच्याशी जुळवून बघा. आमच्याकडं घ्यायला येणार असाल तर मंगळवार सोडून या, वेरूळ मंगळवारी बंद असतं. लेण्यांचं तोंड पश्चिमेला आहे, दुपारनंतर कैलासात चांगला उजेड असतो, तिथंच दोघं मिळून कॅमेरा तपासू.