चित्राची भीती: स्वस्त कागदावर शंभर, की चांगल्या कागदावर दहा?

कस्तुरचंद_छत्री

उन्हाळी वर्ग सुरू व्हायच्या आधी हा विषय मांडतो. जलरंग शिकणारे, एलिमेंटरी-इंटरमीजिएट चांगल्या श्रेणीत झालेलेसुद्धा, एका टप्प्यावर अडकतात. कोऱ्या कागदासमोर हात चालत नाही, झालेलं चित्र दाखवावंसं वाटत नाही, आणि 'आपल्यात ते नाहीच' हे डोक्यात पक्कं बसतं. त्यावर 'आत्मविश्वास ठेव' एवढंच सांगितलं जातं. तो आणायचा कुठून, ते कोणी सांगत नाही.

माझं मत असं की कागद महाग असला की हात आखडतो. 'वाया गेला तर?' हा प्रश्न डोक्यात घेऊन मारलेला फटकारा अर्ध्यातच थांबतो. म्हणून पहिल्यांदा कागदाची किंमत मनातून काढा. २०० जीएसएमचे (म्हणजे एका चौरस मीटरला २०० ग्रॅम वजनाचे) साधे ए४ कागद, २५ घ्या. मधोमध कापले की ए५चे ५० तुकडे होतात, दोन्ही बाजू धरून १०० चित्रं. रोज दोन, ५० दिवस. एका चित्राला २० मिनिटं, मोबाईलवर गजर लावून: ३ मिनिटं पेन्सिल, १२ मिनिटं मोठे आकार, ५ मिनिटं गडद जागा. रंग तीनच, अल्ट्रामरीन (निळा), बर्न्ट सिएना (तांबूस तपकिरी), यलो ओकर (मातकट पिवळा). ब्रश १० नंबरच्या खालचा घ्यायचा नाही. खोडरबर घरातच ठेवायचं नाही. गजर झाला की ब्रश पाण्यात. कोपऱ्यात तारीख आणि एकच ओळ: काय बिघडलं. पन्नासाव्या दिवसापर्यंत जुनी चित्रं बघायची नाहीत.

पन्नासावं चित्र पहिल्यापेक्षा चांगलं असेलच असं मी म्हणत नाही. पण 'बिघडलं' या शब्दाची धार तोवर गेलेली असते.

खसताटी

भाऊ, तुमचं वेळापत्रक मान्य, कागद अजिबात मान्य नाही. नवशिक्यांच्या मनातली अर्धी शंका हा कागदच तयार करतो.

कारण सांगते. जलरंगाच्या कागदाला सायझिंग असतं, म्हणजे सरसासारखा थर. त्यामुळे पाणी काही वेळ वर राहतं आणि रंग हलवता येतो. लाकडाच्या लगद्याच्या स्वस्त कागदात हे सायझिंग कमी आणि असमान असतं. रंग टेकवला की आत शिरतो, कडा लगेच पक्क्या होतात, दुसऱ्यांदा ब्रश फिरवला की कागदाच्या गोळ्या निघतात. ओल्यात ओला रंग सोडायला गेलं तर कागद फुगून खळगे पडतात, पाणी तिथे साचतं आणि वाळताना फुलकोबीसारखे डाग उमटतात. शिकणाऱ्याला यातलं काही माहीत नसतं. तो म्हणतो, माझा हातच खराब. असा पुरावा त्याला रोज दोनदा द्यायचा, आणि तोही ५० दिवस? त्याने भीती मरणार नाही, मुरणार आहे.

त्यात आपलं नागपूर. मे महिन्यात पारा ४५च्या पुढे, हवा कोरडी. आकाशाचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, टाकताना उजवीकडे पोहोचेपर्यंत डावी कड वाळलेली असते. कूलरचा झोत थेट बोर्डावर आला तर एक बाजू वाळते, दुसरी ओली. दारं लावून कूलर चालवला तर उलट: खोलीत ओल साठते आणि दुसरा थर द्यायला अर्धा तास थांबावं लागतं. म्हणून कूलर पाठीमागे ठेवा, समोरची खिडकी उघडी, आणि वॉशच्या आधी कागदाला स्वच्छ पाण्याचे दोन हात. जुलैत दुसरंच दुखणं. ओल लागून कागदाचं सायझिंग जागोजागी मरतं आणि वॉश टाकल्यावर गडद ठिपके उमटतात. कागद प्लॅस्टिकच्या जाड पिशवीत, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवला की हे टळतं.

माझा हिशोब: १०० टक्के कॉटन, ३०० जीएसएम, ५६×७६ सेंमीचा एक ताव. त्याचे आठ तुकडे, प्रत्येक १९×२८. दोन्ही बाजूंनी १६ चित्रं. महाग वाटतो, पण चित्रामागे भागून बघा. शिवाय चित्र बिघडलं तर नळाखाली धरून मऊ स्पंजने धुता येतं. थॅलो ब्लूचा डाग राहतो. अल्ट्रामरीन आणि ओकर बरेचसे निघतात. ज्या कागदावरची चूक धुता येते, त्याची भीती आपोआप कमी होते.

कस्तुरचंद_छत्री

सायझिंगचा मुद्दा बरोबर आहे, माझ्या मांडणीत तो नव्हता. पण मी ओल्यात ओलं करायला सांगतच नाहीये. स्वस्त कागदावर फक्त टोनचा, म्हणजे फिकट-गडदपणाचा, अभ्यास करा: एकच रंग, तीन छटा. फिकट, मध्यम, गडद. एक थर, वाळू द्या, दुसरा थर, बस. एवढं तो कागद सोसतो.

आणि धुता येतं म्हणून भीती जाते हे मला पटत नाही. धुता येतं हे कळलं की माणूस पाचव्या मिनिटाला धुवायला घेतो. चित्र शेवटाला जातच नाही, आणि बिघडलेलं चित्र पूर्ण करण्याचा सराव तर सगळ्यात गरजेचा.

महाल_गल्ली

तुम्ही दोघंही खोलीतलं बोलताय. बहुतेकांची खरी भीती लोकांची असते. फुटाळा तलावावर संध्याकाळी स्टँड लावा, दहा मिनिटांत मागे सहा जण उभे. 'काय काढून राहिले?' विचारलं की हात थिजतो.

त्याला उपाय आहेत, पायरीपायरीने. पहिले दोन आठवडे उभं राहून चित्र काढायचंच नाही. पाठ भिंतीला लावून बसायचं, म्हणजे मागे कोणी उभंच राहू शकत नाही. वही १०×१५ सेंमीची, मांडीवर मावेल अशी. वेळ सकाळी साडेसहा ते आठ. महाल या जुन्या वस्तीत तेव्हा दुकानांची शटरं बंद असतात आणि उन्हाळ्यात तेवढाच वेळ बसवतं. पहिल्या आठवड्यात फक्त पेन, रंग नाही. तिसऱ्या आठवड्यात झिरो माईलच्या स्मारकासारखी जागा घ्या, जिथे लोक जात-येत असतात पण रेंगाळत नाहीत. खांब आणि चार घोडे, आकार ठळक. फुटाळ्याची गर्दी सगळ्यात शेवटी. विचारणाऱ्यासाठी एक वाक्य तयार ठेवायचं: 'सराव चालू आहे, अजून अर्धा तास लागेल.' बहुतेक लोक एवढ्यावर पुढे जातात.

निळासावळा

मूळ गृहीतकालाच माझा विरोध आहे. शंभर चित्रं काहून? १९२४ साली याच नागपुरात जन्मलेले अमूर्त चित्रकार वासुदेव गायतोंडे वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत. बाकी वेळ बघणं आणि थांबणं. शंका आली की हात थांबवणं हीसुद्धा कामाची पद्धत आहे. रोजच्या दोन चित्रांच्या रेट्यात माणूस विचार करायचं सोडतो आणि तीच ती चूक पन्नास वेळा गिरवतो.

कस्तुरचंद_छत्री

गायतोंड्यांचं उदाहरण इथे उलटं लागू होतं. १९४८ साली त्यांनी मुंबईच्या जे.जे. कला महाविद्यालयाची पदविका घेतली. रोलर आणि पॅलेट नाइफने केलेली त्यांची शांत तैलचित्रं बऱ्याच वर्षांच्या कामानंतरची आहेत. थांबण्याआधी हातात काहीतरी जमलेलं होतं. ज्याने अजून वीस चित्रं पूर्ण केली नाहीत, त्याचं थांबणं बहुतेक वेळा टाळणंच असतं.

निळासावळा

बहुतेक वेळा, हे तुम्ही बाहेरून कसं ठरवणार? फरक ओळखायची खूण मी सांगतो. थांबलेला माणूस चित्राकडे बघत असतो. टाळणारा चित्र कपाटात ठेवतो. चित्र सात दिवस समोरच्या भिंतीला लावा. रोज पाच मिनिटं बघा. एकदा आरशात बघा, एकदा उलटं टांगून, एकदा मोबाईलवर फोटो काढून काळा-पांढरा करून. काळ्या-पांढऱ्यात सगळं एकाच राखाडीत दिसलं तर दोष टोनचा आहे, तुमच्या लायकीचा नाही. शंकेला असं नेमकं नाव मिळालं की पुढच्या चित्रात काय करायचं ते कळतं. तुमच्या ५० दिवसांत मागे बघायलाच बंदी आहे, तिथे माझा आक्षेप आहे.

खसताटी

या मुद्द्यावर मी निळासावळा यांच्या बाजूने. आणि रात्री चित्र फाडू नका, हेही जोडा. फ्रेंच चित्रकार मोनेने १९०८ साली प्रदर्शन तोंडावर असताना निदान पंधरा कमळचित्रं नष्ट केली. प्रदर्शन पुढे गेलं आणि १९०९ साली ४८ चित्रांचं झालं. मोनेकडे मागे मोठा साठा होता. आपल्याकडे आठ चित्रं असतात, त्यातली तीन फाडली तर शिकायला काय उरतं?

रामदासपेठ_ओपीडी

वर कोणी 'इम्पोस्टर सिंड्रोम' हा शब्द वापरला नाही, हे चांगलं झालं. पण पुढे येईलच म्हणून लिहिते. पॉलीन क्लान्स आणि सुझान आइम्स या मानसशास्त्रज्ञांनी १९७८ साली हा विषय मांडला तो 'इम्पोस्टर फिनॉमेनन' म्हणून, कर्तबगार स्त्रियांच्या संदर्भात. तो आजार म्हणून मांडलेला नाही. यश मिळूनही 'हे माझं नव्हेच' वाटणं असा त्याचा अर्थ. ज्याने नुकतीच सुरुवात केली आहे त्याला 'मला येत नाही' वाटणं हे वेगळं. ते बऱ्याचदा खरंच असतं आणि शिकून जातं.

आणि एक सीमा ओळखा. भीती फक्त कागदासमोर असेल तर वरचे सगळे उपाय करून बघा. पण दोन आठवड्यांहून जास्त झोप, भूक, कशातच रस नसणं हे बिघडलं असेल, किंवा जगूच नये असं मनात येत असेल, तर हा कलेचा प्रश्न राहिलेला नाही. तेव्हा मानसोपचारतज्ज्ञांकडे जा, आणि शेवटचं असेल तर त्याच दिवशी. मंचावर गाणाऱ्यांसाठी वेगळं सांगते: कार्यक्रमाआधी थरथर थांबवायला प्रोप्रानोलोलची गोळी कोणाकडून मागून घेऊ नका. दमा असलेल्याला ती धोकादायक ठरू शकते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही.

महाल_गल्ली

दाखवण्याच्या भीतीबद्दल एक राहिलं. 'कसं वाटलं?' हा प्रश्न विचारू नका. उत्तर 'छान' येतं आणि ते खोटं वाटतं, किंवा 'बरंय' येतं आणि ते आठवडाभर टोचतं. तीन माणसं निवडा, त्यातलं एक तरी चित्र न काढणारं. प्रत्येकाला एकच विचारा: नजर पहिल्यांदा कुठे गेली? तिघांचं बोट तुम्हाला हवं त्या जागी गेलं तर चित्र उभं आहे. तिघांची बोटं तीन ठिकाणी गेली तर मध्यम छटा जास्त झाल्या आहेत. एक जागा गडद करा आणि पुन्हा विचारा.

खसताटी

मूळ वादाकडे परत येते, एका उदाहरणासह. दीक्षाभूमीचा घुमट घ्या. पांढरा घुमट म्हणजे कोरा ठेवलेला कागद आणि सावलीच्या बाजूचा एक वॉश. अल्ट्रामरीनमध्ये चिमूटभर बर्न्ट सिएना, ताटलीत निदान दोन चमचे पातळ रंग आधीच कालवून. बोर्डाखाली लाकडाचा ठोकळा, साधारण १५ अंश उतार. १२ नंबरचा ब्रश भरून वरून सुरुवात, खाली रंगाचा थेंब जिवंत ठेवत वळणाने उतरायचं, एकदाच. घाबरलेला हात इथे तीन गोष्टी करतो: वाटाण्याएवढाच रंग कालवतो, म्हणून मध्येच संपतो, ब्रश टोकापाशी धरतो, म्हणून वळण तुटतं, आणि अर्धवट वाळलेल्या जागी परत टेकवतो, म्हणून सावली मळकट होते.

आता हीच सावली लगद्याच्या कागदावर, मे महिन्यात करून बघा. रंग भरपूर, ब्रश लांबून धरलेला, हात न घाबरता चाललेला, तरी मधे आडवी रेघ उमटणार. शिकणारा तिचा दोष कोणाला देईल?

कस्तुरचंद_छत्री

स्वतःला देईल, हे मान्य. म्हणून बदल करतो: पहिले ३० टोनचे अभ्यास साध्या कागदावर, नंतरचे १६ वॉशचे, कॉटनच्या एका तावावर. दर सातव्या दिवशी मागे बघायचं, निळासावळा म्हणतात तसं भिंतीला लावून. गजर मात्र सोडत नाही. वीस मिनिटांची हद्द काढली तर घाबरलेला माणूस पेन्सिलमध्येच चाळीस मिनिटं घालवतो.

खसताटी

गजर ठेवा. पण क्रम उलटा करा, कॉटनचे १६ आधी. कागद चांगला असला की काय होतं हे हाताला एकदा कळू द्या, मग साध्या कागदावर बिघडलं तरी कशामुळे बिघडलं ते त्याला सांगता येईल.

निळासावळा

आणि त्या १६ पैकी चार गजराशिवाय.