ईएमपी शस्त्र: खरा धोका की बागुलबुवा?

खडूस_काका: ईएमपी म्हणजे विजेची उपकरणं बिघडवणारा विद्युतचुंबकीय स्पंद, क्षणभराचा झटका. त्याचं "आकाशात एक स्फोट आणि देश शंभर वर्षं मागे" हे फॉरवर्ड पुन्हा फिरायला लागलंय. पुरावा म्हणून सगळे स्टारफिश प्राइम ही अणुचाचणी पुढे करतात. ९ जुलै १९६२ ला अमेरिकेनं प्रशांत महासागरातल्या जॉन्स्टन बेटाच्या वर ४०० किमी उंचीवर १.४ मेगाटनचा अणुबॉम्ब फोडला. सुमारे १,४०० किमीवरच्या हवाईत काय झालं? रस्त्यावरचे तीनेकशे दिवे गेले, चोरघंटा वाजल्या, तिथल्या काउआई बेटाचा इतर बेटांशी फोनसंपर्क तुटला. बाकी होनोलुलू उजळलेलंच होतं.

तारमास्तर: काका, तेव्हाचा व्हॉल्व्हचा रेडिओ असा झटका पचवायचा, आजची चिप नाही पचवत. आणि त्याच वर्षीचा २२ ऑक्टोबर बरा विसरलात! सोव्हिएतांनी कझाकस्तानच्या आकाशात ३०० किलोटनचा अणुस्फोट केला. ५७० किमीच्या टेलिफोन लाइनचे फ्यूज उडाले, जमिनीत पुरलेली १,००० किमीची वीजकेबलही सुटली नाही. हवाईत तारा आखूड, म्हणून निभावलं. स्पंदाचा शेवटचा, संथ भाग लांब तारांत शिरतो, डीसीसारखा, एकाच दिशेचा प्रवाह ढकलतो आणि ट्रान्सफॉर्मर तापतो. मार्च १९८९ मध्ये सौरवादळानं कॅनडातल्या क्यूबेकमध्ये असाच प्रवाह घुसवला. ६० लाख लोक अंधारात.

खडूस_काका: नऊ तासांत बहुतेकांची वीज आली, ते का गाळलंत? आणि ज्याच्याकडे अणुबॉम्ब आहे, तो दिवे घालवायला कशाला वापरेल? उत्तरात अणुबॉम्बच येणार, हे त्याला कळत नाही होय?

सोल्डरगन: दोघंही अणुबॉम्बातच अडकलात. त्याच्याशिवायही जमतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये बोइंगनं युटाच्या वाळवंटात 'चॅम्प' क्षेपणास्त्र उडवलं. इमारतीवरून जाताना त्यानं मायक्रोवेव्हचा झोत सोडला आणि आतल्या कॉम्प्युटरचे पडदे काळे. चित्रण करणारे कॅमेरेही बंद पडले! पल्ला कमी, कारण अंतर दुप्पट झालं की मारा चौथाईवर येतो. ड्रोनच्या झुंडीला मात्र हेच औषध. माणूस मरत नाही, हे काय वाईट?

तारमास्तर: शेजारी हॉस्पिटल असलं तर? व्हेंटिलेटरला झोत कुठून आला ते कळत नाही.

सोल्डरगन: बॉम्बपेक्षा बरंच की.

तारमास्तर: बॉम्ब पडला तर निदान कोणी टाकला याची चौकशी होते. इथे कागदावर "उपकरणात बिघाड" लिहून मोकळे.