एचएक्स स्टॉम्पसाठी फुल-रेंज स्पीकर कोणता? (अ‍ॅक्टिव्हावर मावेल असा)

सहावी_तार

नमस्कार मंडळी. दिवाळीत एचएक्स स्टॉम्प (अ‍ॅम्पची आणि इफेक्टची डिजिटल नक्कल करणारा पेडल) घेतला. हेडफोनवर इतका सुरेख वाजतो की रात्री दोन-दोन वाजेपर्यंत उठवत नाही. पण खोलीबाहेर नेला की घात होतो.

आधी घरच्या २० वॉटच्या जुन्या गिटार अ‍ॅम्पच्या पुढच्या जॅकमध्ये लावून बघितला. आवाज गोधडीत गुंडाळल्यासारखा. मग रिहर्सलच्या खोलीतल्या १५ इंची टॉपला (गाण्याच्या मोठ्या स्पीकरला) लावला, तर तिथे उलटंच. डिस्टॉर्शन चालू केलं की कानाशी डास आल्यासारखी चिरचिर. ड्रमर म्हणाला, "तुझा जुना अ‍ॅम्पच बरा होता रे." एवढा खर्च करून हे ऐकून घ्यायचं!

आता स्वतःचा स्पीकर घ्यायचाच आहे. आठवड्यातून दोनदा रिहर्सल (तळघरातली खोली, ड्रमर हात राखून वाजवत नाही), महिन्यातून एखादा कॅफे, आणि गणपतीत सोसायट्यांचे कार्यक्रम. बजेट ४० हजार, ओढूनताणून ४५. वाहन म्हणाल तर अ‍ॅक्टिव्हा. गिटार पाठीवर, स्पीकर पायाशी.

वाचून वाचून डोकं फिरलंय. 'एफआरएफआर' (फुल रेंज, फ्लॅट रिस्पॉन्स) असं लिहिलेलाच घ्यायचा का? २००० वॉट लिहिलेला स्वस्त आणि ७०० वॉट लिहिलेला महाग, हे काय गणित आहे? ८ इंची, १० की १२?

कोल्हापुरी_कॉर्ड

भावा, आधी अ‍ॅक्टिव्हा वीक आणि छोटा हत्ती घे. मग कुठलाबी स्पीकर चालतोय.

जुनी_फ्रेट

सहावी_तार, तुझी दोन दुखणी वेगवेगळी आहेत, आणि दोन्हींत स्पीकर बिचारा निर्दोष आहे असा माझा संशय.

गिटार अ‍ॅम्पमधला स्पीकर मुळातच अर्धा बहिरा असतो. साधारण ५ किलोहर्ट्झच्या वर तो फारसं काही बोलतच नाही. म्हणून तर डिस्टॉर्शनची खरखर आपल्याला गोड लागते. स्टॉम्पमध्ये कॅबचा ब्लॉक (गिटार स्पीकरच्या पेटीची नक्कल) लावलास की ती कात्री एकदा लागली. तोच आवाज पुन्हा खऱ्या गिटार स्पीकरमधून काढलास की दुसऱ्यांदा लागली. शिवाय पुढच्या जॅकमधून गेलास म्हणजे अ‍ॅम्पच्या प्रीअ‍ॅम्पने आपलं तिखटमीठ घातलं ते वेगळंच. झाली गोधडी. आता ती चिरचिर. १५ इंची टॉपला लावलास तेव्हा कॅब ब्लॉक चालू होता का? नीट आठवून सांग. फुल-रेंज स्पीकरला हॉर्न (वरच्या सुरांचा भोंगा) असतो, तो १५-१८ किलोहर्ट्झपर्यंत सगळं ऐकवतो. कॅब नसेल तर डासच येणार.

मी १९९१ पासून ऑर्केस्ट्रात वाजवतोय. व्हॉल्व्ह अ‍ॅम्प उचलून उचलून मणक्यात गॅप आली, तेव्हा बायकोने हट्टाने मॉडेलर (तुझ्या स्टॉम्पसारखाच) घ्यायला लावला. सगळे पॅच (सेव्ह केलेले आवाज) रात्री हेडफोनवर केले, कारण मुलगी दहावीला. पहिला कार्यक्रम डोंबिवलीत, गणपतीचा. स्टेज म्हणजे बल्ल्यांवर टाकलेल्या फळ्या, खाली पोकळ. मी नवा स्पीकर ऐटीत त्या फळ्यांवर ठेवला, मागे ड्रमचा चौथरा. पहिल्याच गाण्याला सहाव्या तारेवर हात पडला आणि फळ्या बोलायला लागल्या. सोलो आला तर गिटार गायब! मी आवाज वाढवला, ते आणखी घुमलं. समोर पहिल्या रांगेतल्या आजींनी पदर कानावर धरला, तो अजून डोळ्यांसमोर आहे. मध्यंतरात एक फायबरची खुर्ची ओढली, स्पीकर तिच्यावर ठेवला, पुढच्या बाजूखाली नारळाच्या दोन करवंट्या सरकवून हॉर्नचं तोंड माझ्या कानाकडे वळवलं. अर्धं दुखणं तिथेच गेलं.

उरलेलं अर्धं पॅचमध्ये होतं. १९३३ साली बेल लॅबमधल्या फ्लेचर आणि मन्सन या दोघांनी मोजून दाखवलंय की आवाज हळू असला की कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. म्हणून रात्री हळू आवाजात आपण बेस आणि ट्रेबल चढवून ठेवतो. स्टेजवर आवाज मोठा झाला की ते सगळं व्याजासकट अंगावर येतं, आणि ज्या मधल्या पट्टीत गिटार राहते तीच खड्ड्यात जाते. तेव्हा स्पीकर कुठलाही घे, पॅच मात्र त्याच स्पीकरवर, रिहर्सलच्या आवाजात, शक्यतो ड्रमर वाजवत असतानाच कर. एकट्याने ऐकताना जो पॅच जरा कोरडा, नाकात बोलल्यासारखा वाटतो, तोच बँडमध्ये नीट बसतो.

खरेदीचं म्हणशील तर वॉटवर जाऊ नको. २००० लिहिलेलं असतं ते बहुतेक वेळा क्षणभराचं शिखर असतं. आणि वॉट दुप्पट केले तरी पदरात पडतात ३ डेसिबल. बॉक्सवर कमाल एसपीएल (आवाज किती डेसिबलपर्यंत जातो ते) किती लिहिलाय ते बघ. तोही कंपनी शिखराचाच लिहिते, पण निदान दोन स्पीकर शेजारी ठेवून ताडता येतात. तुझ्या कामाला, तुझ्या गाडीला १० इंची. ८ इंची कॅफेत छान, पण हात न राखणाऱ्या ड्रमरसमोर दमतो. १२ इंची तुझ्या गुडघ्यांना मानवणार नाही. उदाहरण देतो: यामाहाचा डीबीआर१० साडेदहा किलोचा आहे, ७०० वॉट, कमाल १२९ डेसिबल. त्यावर कुठेही एफआरएफआर लिहिलेलं नाही. तो गाण्या-भाषणाचा साधा पॉवर्ड स्पीकर आहे, आणि म्हणूनच मला आवडतो. एफआरएफआर म्हणजे शेवटी 'जे द्याल ते तसंच ऐकवीन' एवढंच, आणि चांगल्या पीए (सभा-कार्यक्रमाच्या) स्पीकरचं कामही तेच.

दुकानात जाशील तेव्हा गिटार आणि स्टॉम्प दोन्ही घेऊन जा. पण त्याआधी एक कर. चांगल्या रेकॉर्डरवर घरातल्या कुणाचा तरी आवाज रेकॉर्ड कर, नुसतं बोलणं. तो स्पीकरवर लाव आणि डोळे मिट. ते माणूस खोलीत उभं आहे असं वाटलं तर स्पीकर खरा. सर्दी झाल्यासारखं किंवा डब्यातून बोलल्यासारखं वाटलं तर विक्रेता काहीही म्हणो, पुढचा स्पीकर लावायला सांग. गिटारच्या आवाजात आपण स्वतःला फसवतो, आईच्या आवाजात नाही.

मांडवीकाठ

जुनी_फ्रेट यांचं बहुतेक पटतं, पण एक बाजू राहिली. मी गोव्यात रेस्टॉरंटांत वाजवतो, आठवड्याला चार रात्री, तीन-तीन तास. पीए स्पीकरमधून येतो तो माइक लावलेल्या अ‍ॅम्पचा आवाज. म्हणजे स्टुडिओच्या काचेपलीकडे अ‍ॅम्प वाजतोय आणि आपण अलीकडे बसलोय. शेजारी अ‍ॅम्प ठेवल्यावर पोटरीला जो वारा लागतो तो त्यात नाही. कितीही आयआर (खऱ्या कॅबच्या आवाजाचे डिजिटल ठसे) बदला, तो येत नाही, कारण आयआरमध्ये माइकसुद्धा आलेला असतो.

ज्याला ते हवंय त्याने फेंडरचा टोन मास्टर एफआर-१० किंवा एफआर-१२ ऐकून बघावा. दिसायला-ठेवायला अ‍ॅम्पसारखा, वर बास-मिडल-ट्रेबल आणि हाय कट हाताशी. चालू गाण्यात वाकून मेनूत शिरावं लागत नाही, हे सुख मोठं आहे. लाइन सिक्सचा पॉवरकॅबही आहे. त्यात हॉर्न वूफरच्या मधोमध असतो, त्यामुळे अगदी जवळ उभं राहिलं तरी खालचा आणि वरचा आवाज दोन ठिकाणांहून आल्यासारखा वाटत नाही. पण ४० हजारांत हे कोरे मिळायचे नाहीत, जुने शोधावे लागतील.

आणि एकच अ‍ॅम्पचा आवाज वापरणार असाल तर छोटा पॉवर अ‍ॅम्प आणि खरा गिटार कॅब घ्या, स्टॉम्पमधला कॅब बंद करा. मी पाच वर्षं तेच केलं. मग अकूस्टिक गिटारपण त्यातूनच काढायची वेळ आली आणि हौस फिटली. अकूस्टिकला वरचे सूर लागतात, ते गिटार कॅब देत नाही.

वाशी_वाह_वाह

परदेशातून मागवणाऱ्यांनो, मागची पट्टी वाचा. माझ्या मावसभावाने न्यू जर्सीहून प्रेमाने एक स्पीकर बॅगेतून आणला. मी मॉडेलरच्या अ‍ॅडॅप्टरवर १००-२४० लिहिलेलं बघून त्यालाही तसंच समजलो. तो फक्त १२० व्होल्टचा होता. आतून 'फट्' झालं आणि हॉलमध्ये जळक्या बेकलाइटचा वास. सासूबाईंना वाटलं मिक्सर गेला.

सहावी_तार

जुनी_फ्रेट काका, शोध लागला, आणि सांगताना लाज वाटतेय. घरी गोधडी झाली तेव्हा कुणीतरी सांगितलं म्हणून कॅब ब्लॉक बंद केला होता. तसाच सेव्ह केला. आणि तोच पॅच घेऊन टॉपवर गेलो. काल कॅब चालू करून त्याच टॉपला लावला, तर डास गेला. घुमणं मात्र आहे अजून.

मांडवीकाठ, वारा मलाही हवाय, पण माझे तीन पॅच तीन जातींचे आहेत आणि दोन गाणी अकूस्टिकवर. तेव्हा १० इंची पीएकडे झुकतोय. आता जोडणीचं सांगा. स्टॉम्पला कॅनन (एक्सएलआर) पिन नाहीये. साउंडवाल्याला लाइन कशी द्यायची?

जुनी_फ्रेट

लाज कसली, मी त्याहून मोठे घोळ घातलेत.

स्टॉम्पच्या ग्लोबल सेटिंगमध्ये आउटपुट 'लाइन' कर, स्पीकरचं इनपुटही लाइनवर. 'माइक'वर राहिलं तर पहिल्याच कॉर्डला दिवे लाल होतील. पी-३८ (गिटारच्या जॅकची) केबल एका आउटमधून स्पीकरला, दुसऱ्या आउटमधून डीआय बॉक्सला (गिटारची लाइन मिक्सरजोगी करणारी डबी), आणि डीआयमधून कॅनन साउंडवाल्याच्या हातात. म्हणजे स्पीकर तुझ्या कानासाठी, लोकांसाठी मिक्सर. मग ड्रमरशी स्पर्धाच उरत नाही. मात्र दोन्ही आउट वापरताना पॅचमध्ये स्टिरिओ डिले नको, नाहीतर अर्धा लोकांना आणि अर्धा तुला. आणखी एक: स्टॉम्पवरचं मोठं बटण फिरवलंस की दोन्हीकडचा आवाज हलतो. साउंडचेक झाल्यावर त्याला हात लावायचा नाही. स्वतःला जास्त हवं तर स्पीकरच्या मागे फिरव.

मंडपात हम आला तर डीआयवरचं ग्राउंड लिफ्ट दाब. प्लगची अर्थिंगची पिन काढायचा सल्ला देणारा हमखास एक जण भेटतो. तो कितीही अनुभवी असला तरी ऐकू नको. ओल्या जमिनीवर, हातात लोखंडी तारा घेऊन आपणच उभे असतो.

घुमण्याचं: कॅब ब्लॉकमध्ये लो कट ९० ते १०० हर्ट्झवर, हाय कट ६ ते ७ किलोहर्ट्झवर ठेवून सुरुवात कर. खालचं बेसवाल्याचं आहे, ते त्याला दे. स्पीकरमागे 'कॉन्टूर' नावाचं काही असेल तर बंद. ते डीजेसाठी खालचं-वरचं फुगवतं. आणि जमिनीवरून उचल. खुर्ची सगळीकडे मिळते.

सहावी_तार

शनिवारी दुकानात गेलो. तीन १० इंची आणि एक १२ इंची ऐकले. आज्जीला रेकॉर्डरसमोर बसवून किराणाची यादी वाचायला लावली होती: "चणाडाळ एक किलो, शेंगदाणे अर्धा, आणि त्या मेल्याला सांग मागच्या वेळेस पोहे जाड दिले." पहिल्या स्पीकरवर आज्जी सर्दी झाल्यासारखी. १२ इंचीवर आज्जी एकदम भारदस्त, आकाशवाणीवर बातम्या देतेय जणू. तिसऱ्यावर "मेल्याला" ऐकून काउंटरवरचा माणूस दचकून मागे वळला. तोच घेतला. १० इंची, एक वर्ष वापरलेला, ३१ हजार.

काल रिहर्सलला खुर्चीवर ठेवून तासभर पॅच बसवले, लो कट ९५, हाय कट साडेसहा. ड्रमर काही बोलला नाही. दोन गाण्यांनंतर त्याने स्वतःहून "परत एकदा घेऊ" म्हटलं.

आता फक्त अ‍ॅक्टिव्हाचा प्रश्न. पायाशी बसतो, पण डावीकडे वळताना हॅन्डल त्याच्या कानाला लागतं. कुणी मागच्या सीटवर बेल्टने बांधून नेलाय का? गिटार तेव्हा कुठे ठेवता?