विहिरीच्या पाण्याले पेट्रोलचा वास येऊन रायला, तपासणी कशी करा लागते?

वावरवाला_आर्वी
भाऊ, आमचं वावर रोडले लागून आहे, वरच्या अंगाले जुना पेट्रोल पंप आहे. पावसाळ्यापासून विहिरीच्या पाण्याले वास येऊन रायला, सकाळी मोटर लावाच्या आधी पाह्यलं तर रंगीत तवंग दिसते. घरचे तेच पाणी पेत होते, आता बंद केलं. पंपवाले म्हणतात तुमच्याच मोटरचं ऑइल असन. मंग आमचं ऑइल का त्याईचं पेट्रोल, हे सिद्ध कसं करा लागते? आन विहीर उपसली तर साफ होईन का?

भूजल_नागपूर
दादा, विहीर उपसू नका. उपसा केला की आजूबाजूचं पाणी तुमच्याकडे ओढलं जातं आणि त्यासोबत पेट्रोलही. शिवाय पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, विहिरीत साचून राहते, तिथे एक ठिणगी पुरे. गाळ काढायला माणूस तर अजिबात उतरवू नका.

पेट्रोल पाण्यापेक्षा हलकं, म्हणून ते झिरपत येऊन पाण्याच्या पातळीवर पसरतं आणि त्यातलं बेन्झीन, टोल्युइन थोडंथोडं विरघळून पुढे जातं, तवंग नसला तरी. आपल्याकडे वर काळी माती, खाली मुरूम, मग काळा पत्थर आणि पत्थरात पाणी भेगांतून वाहतं, त्यामुळे दिशा नुसत्या अंदाजाने धरू नका. किमान तीन विहिरी घ्या, एका रेषेत नसलेल्या, काठांची उंची लेव्हल मशीनने काढा आणि सगळ्या मोटरी बंद ठेवून एकाच दिवशी पाणी मोजा. मे आणि ऑक्टोबर, दोन्ही वेळा. पंपाच्या वरच्या अंगाची विहीर हवीच, ती स्वच्छ आणि खालची खराब निघाली तरच तुमच्या म्हणण्याला वजन येईल.

लॅबवाली_ताई
सगळं बिघडतं ते नमुना घेताना. प्लास्टिकची बाटली नको, मोटरच्या धारेखाली नको, वाफ उडून जाते. 40 मिलीची काचेची कुपी, टेफ्लॉनचं झाकण, काठोकाठ भरायची, उलटी करून टिचकी मारायची, बुडबुडा दिसला तर तो नमुना धरायचा नाही. लगेच बर्फात. लॅबला स्पष्ट सांगा, बीटेक्स (बेन्झीन, टोल्युइन, इथाइलबेन्झीन, झायलीन) आणि टीपीएच (पाण्यातलं एकूण पेट्रोलियम तेल) हवंय. नेहमीच्या तपासणीत टीडीएस, नायट्रेट, जंतू पाहतात, त्यात पेट्रोल दिसतच नाही, रिपोर्ट चांगला येतो आणि लोक तेच पाणी पीत राहतात, याचा मला फार राग येतो. जीसी म्हणजे गॅस क्रोमॅटोग्राफ, तेलातले घटक वेगळे करून दाखवणारं मशीन, त्यावर पेट्रोल, डिझेल, मोटर ऑइल वेगवेगळं ओळखू येतं, मोटरचं ऑइल असेल तर बेन्झीन जवळपास नसतं. बेन्झीनने रक्ताचा कॅन्सर होतो, जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा लिटरमागे फक्त 10 मायक्रोग्रॅम आहे. पाणी उकळूही नका, ती वाफ घरातच भरते.

ग्रामसभा_वणी
एकट्यानं भांडू नका जी. ग्रामपंचायतीचा ठराव घ्या आन प्रदूषण नियंत्रण मंडळ, जिल्ह्याची भूजल सर्वेक्षण यंत्रणा, तहसीलदार सगळ्याईले अर्ज द्या, पोच घ्या. पंपाच्या टाकीचं लायसन पेसो (केंद्राची पेट्रोलियम आन स्फोटक सुरक्षा संघटना) देते, मुख्यालय नागपुरातच आहे. अर्जात टाकी आन पाइपाची प्रेशर टेस्ट मागा, रोजचा डिप (काठी टाकून मोजलेला टाकीतला साठा) आन विक्रीचा हिशोब मागा. टाकीजवळ, पाइपाच्या जोडाजवळ आन पेट्रोल भराच्या मशीनखाली ऑगर (माती काढाचा गिरमिट) मारून मातीचे नमुने घ्या म्हणा. नमुना पंचासमोर, दोन्ही बाजूच्या सह्या घेऊन सील करा लागते, नाहीतर उद्या म्हणतीन तुम्हीच टाकलं.

वावरवाला_आर्वी
वरची विहीर काकाची आहे, तिले वास नाही, तिथलंच पाणी आणून रायलो. बैलाईले पाजाचं का हे?

लॅबवाली_ताई
रिपोर्ट येईपर्यंत नाही. आणि फवारणीलाही वापरू नका, तुषार नाकातोंडात जातात.